पहिल्या टोचणीची कहाणी

आपल्या मंडळाला यंदा पंचवीस वर्षे पूर्ण होत आहेत. स्मरणिकेसाठी प्रत्येकीने काही ना काही लिहावे असे सभेत ठरले, तेव्हा पाककृती, भोंडल्याची गाणी, सहलींच्या आठवणी हे विषय भराभर वाटले गेले. मी एका लसीचा इतिहास लिहिते म्हटल्यावर पुष्कळजणींना नवल वाटले. सातवी शिकलेल्या बाईने डॉक्टरी विषयाला हात घालावा, हे नवलाचेच खरे. परंतु माझी थोरली मुलगी परिचारिकेचे शिक्षण घेत आहे. संध्याकाळी मी भाजी निवडत असताना ती मोठ्याने अभ्यास करते. तिने जे वाचून दाखविले, समजावून दिले, आणि पुढे वाचनालयातून आणून मी जे वाचले, त्यावरून हा लेख तयार झाला आहे. विषय डॉक्टरांचा दिसत असला तरी तो आपल्या घरातला आहे. आईचा आणि तान्ह्या बाळाचा आहे. म्हणून तो मंडळाच्या स्मरणिकेत शोभेल असे मला वाटते.

कावीळ हा शब्द आपल्याला नवा नाही. डोळे पिवळे झाले, लघवी हळदीसारखी झाली, अन्नावरची वासना उडाली, की वडील माणसे लगेच ओळखतात. मग कोणी गळ्यात काड्यांची माळ घालते आणि माळ लांबत गेली की कावीळ उतरली असे समजते. कोणी चुन्याच्या निवळीत हात धुवून पाणी पिवळे झालेले दाखविते. कोणी भुईआवळ्याचा रस देते. बहुतेक रोगी काही आठवड्यांत आपोआप बरे होतात आणि श्रेय माळेला मिळते. वास्तविक कावीळ ही यकृत बिघडल्याची नुसती खूण होय. यकृताला सूज आणणारे मुख्य विषाणू पाच. इंग्रजी अक्षरांवरून त्यांना ए, बी, सी, डी आणि ई अशी नावे आहेत. ए आणि ई हे दूषित पाण्यातून व अन्नातून तोंडावाटे पोटात जातात. बी, सी आणि डी हे रक्तावाटे शिरतात. एवढा भेद ध्यानात ठेवला म्हणजे पुढची गोष्ट उलगडत जाते.

पाण्याच्या काविळीची एक फार मोठी साथ आपल्याच देशात येऊन गेली. १९५५ च्या अखेरीस दिल्लीच्या पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळले आणि थोड्याच आठवड्यांत सुमारे २९,००० माणसांना कावीळ झाली. त्या वेळी ती 'ए' प्रकारची समजली गेली. परंतु रुग्णांच्या रक्ताचे नमुने जपून ठेवलेले होते. १९८० साली ते तपासले गेले, तेव्हा ती ए नव्हे आणि बीही नव्हे असे दिसून आले. ह्या कामात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेचा वाटा होता, आणि तेव्हा त्या संस्थेच्या संचालिका डॉ. खोर्शेद पावरी ह्या होत्या. पुढे ह्याच काविळीला 'ई' हे नाव मिळाले, आणि पुण्यातच डॉ. विद्या अरणकल्ले यांनी तिच्यावर बरीच वर्षे संशोधन केले. गरोदर बाईला शेवटच्या महिन्यांत ही ई कावीळ झाली तर ती जिवावर बेतते. तेव्हा गरोदर बाईच्या पिण्याचे पाणी उकळलेले असावे, हे ओघाने सांगून ठेवते आणि रक्तातल्या 'बी' काविळीकडे वळते. लस आहे ती मुख्यतः हिच्याच कथेत.

ह्या काविळीची पहिली ठळक नोंद जर्मनीतील ब्रेमेन शहरातली. १८८३ साली तेथील जहाजांच्या कारखान्यातील १,२८९ कामगारांना देवी टोचल्या. त्या काळी देवीची लस माणसाच्या अंगावरील फोडातून घेत असत. पुढच्या काही आठवड्यांपासून आठ महिन्यांपर्यंत त्यांतील १९१ जणांना कावीळ झाली. त्याच सुमारास दुसरीकडून आणलेली लस ज्यांना टोचली होती, त्यांना काहीच झाले नाही. लुरमान नावाच्या डॉक्टरने १८८५ साली हे सारे लिहून काढले. माणसाच्या अंगातील द्रवातून कावीळ दुसऱ्याच्या अंगात जाते, हे त्या लिहिण्यात दडलेले होते. पण विषाणू म्हणजे काय हेच तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते, म्हणून ते तसेच राहून गेले.

न शिकलेला धडा पुन्हा गिरवावा लागतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैनिकांना पीतज्वराची लस टोचली. ती लस टिकावी म्हणून तीत माणसाचे रक्तजल मिसळलेले होते. रक्त गोठल्यावर वर जे पिवळसर पाणी राहते, त्याला रक्तजल म्हणतात. १९४२ साली सुमारे ५०,००० सैनिक कावीळ होऊन इस्पितळात पडले. पुष्कळ वर्षांनी, १९८७ मध्ये, त्यांतील हयात माणसांचे रक्त तपासले तेव्हा ही बी कावीळ होती असे सिद्ध झाले. आजारी न पडताही ज्यांच्या अंगात विषाणू शिरला होता, ते धरून हा आकडा तीन लाखांच्या वर जातो असा अंदाज निघाला. रोग टाळण्यासाठी दिलेल्या लसीनेच रोग दिला! मॅक्कलम नावाच्या इंग्रज डॉक्टरने १९४७ साली तोंडावाटे जाणारी ती 'ए' आणि रक्तावाटे जाणारी ती 'बी' असे नामकरण केले. बाळाचे बारसे झाले खरे, पण बाळ अजून कोणी पाहिले नव्हते.

ज्याने ते पाहिले, तो काविळीच्या शोधात नव्हताच. बरूच ब्लूमबर्ग हे न्यूयॉर्कमध्ये २८ जुलै १९२५ रोजी जन्मलेले डॉक्टर. एका माणसाला रोग चटकन होतो आणि दुसऱ्याला होत नाही, असे का, हे शोधण्यासाठी ते देशोदेशीच्या लोकांचे रक्त गोळा करीत. ज्या रोग्यांना वारंवार दुसऱ्याचे रक्त चढवावे लागते, त्यांच्या अंगात परक्या रक्ताविरुद्ध द्रव्ये तयार होतात. म्हणून अशा रोग्यांचे रक्तजल ते इतरांच्या रक्तजलाशी जुळवून पाहत. १९६३ साली न्यूयॉर्कच्या एका रोग्याच्या रक्तजलाने ऑस्ट्रेलियातील एका आदिवासी माणसाच्या रक्ताशी प्रतिक्रिया केली. त्या रक्तात काही तरी नवे होते. त्याला त्यांनी 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन' असे नाव दिले. ते काय आहे हे मात्र कळेना.

कळले ते त्यांच्या प्रयोगशाळेतल्या एका बाईमुळे. बार्बरा वर्नर ह्या तेथे रक्ततपासणीचे काम करीत. १९६७ साली त्यांना थकवा वाटू लागला, अंगावर पिवळेपणाची शंका आली. तेव्हा त्यांनी आपलेच रक्त काढून तपासले, आणि त्यात ते ऑस्ट्रेलिया अँटिजेन सापडले. पूर्वी त्यांच्या रक्तात ते नव्हते. बार्बरा वर्नर बऱ्या झाल्या, आणि हे द्रव्य म्हणजे बी काविळीच्या विषाणूचाच एक भाग आहे ही गोष्ट पक्की होत गेली. आज गरोदरपणात आपल्या रक्ताची जी तपासणी होते, तिचे मूळ येथे आहे. लवकरच रक्तपेढ्यांतून रक्त तपासून घेण्यास आरंभ झाला आणि रक्त चढविल्यामुळे होणारी कावीळ पुष्कळ कमी झाली. ब्लूमबर्ग यांना १९७६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचा जन्मदिवस २८ जुलै हा आता जागतिक काविळीविरोधी दिन म्हणून पाळतात.

भगिनींनो, आता जो भाग सांगायचा तो मनाला लागणारा आहे. पण इतिहास लिहायचा तर गोड तेवढेच वाढून चालत नाही. न्यूयॉर्क शहरात विलोब्रुक नावाची सरकारी संस्था होती. मतिमंद मुलांना तेथे ठेवीत. मुले मावतील त्याहून कितीतरी अधिक, स्वच्छता नावाला, आणि कावीळ घरचीच झालेली. सॉल क्रुगमन ह्या डॉक्टरांनी १९५६ पासून तेथील काही मुलांना मुद्दाम काविळीची लागण करून अभ्यास केला. आईबापांची संमती ते घेत. पण ती संमती कशी असेल ह्याचा विचार करावा. १९६४ साली जागा नाही म्हणून संस्थेत नवी मुले घेणे थांबविले होते, परंतु ह्या प्रयोगाच्या विभागात जागा मिळू शकत असे. घरी सांभाळणे अशक्य झालेल्या मुलाची आई अशा वेळी कागदावर सही करणार नाही तर काय करील? मुलांना तेथे कावीळ होणारच होती, असे डॉक्टरांचे म्हणणे होते. त्यावर तेव्हाही टीका झाली आणि आजही वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना हे उदाहरण 'असे करू नये' म्हणून शिकविले जाते.

ह्याच क्रुगमन यांनी विषाणू असलेले रक्तजल पाण्यात मिसळून एक मिनिट उकळले आणि टोचून पाहिले. उकळल्याने त्यातील रोग देण्याची शक्ती गेली. पण त्याने काही मुलांचे पुढील लागणीपासून रक्षण केले. १९७१ साली हे प्रसिद्ध झाले आणि बी काविळीवर लस होऊ शकते ह्याचा तो पहिला पुरावा ठरला. आज आपल्या नातवंडांच्या मांडीवर जी टोचणी होते, तीत त्या अबोल मुलांचा वाटा आहे. त्यांना कोणी विचारले नव्हते. निदान आपण त्यांची आठवण ठेवावी.

खरी लस मॉरिस हिलमन यांच्या हाताखाली तयार झाली. ज्यांच्या रक्तात विषाणू कायम राहतो, अशा वाहक माणसांचे रक्त घेऊन, त्यातील ऑस्ट्रेलिया अँटिजेन तेवढे वेगळे करून, ते अनेक प्रकारे शुद्ध करून ती बनवीत. लस गुणकारी आहे की नाही हे पाहण्याचे काम वुल्फ श्मुनेस यांनी केले. हे पोलंडचे ज्यू गृहस्थ. महायुद्धात त्यांचे कुटुंब मारले गेले होते. पुढे रक्त चढविल्याने त्यांच्या पत्नीला कावीळ होऊन ती मरणाच्या दारातून परत आली, आणि तेव्हापासून त्यांनी ह्याच रोगाचा ध्यास घेतला असे सांगतात. न्यूयॉर्कमधील समलिंगी पुरुषांत ही कावीळ फार होती. त्यांच्यापैकी १,०८३ जण स्वखुशीने पुढे आले. निम्म्यांना लस व निम्म्यांना नुसतेच पाण्यासारखे औषध दिले. कोणाला काय मिळाले हे कोणालाच सांगितले नाही. १९८० साली निकाल लागला. लस घेतलेल्यांत रोगाचे प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक घटले होते. विलोब्रुकची मुले आणि हे पुरुष, दोघांनीही लसीसाठी आपले शरीर दिले; पण हे विचारून, समजून दिलेले होते. हाच तो फरक.

१९८१ साली अमेरिकेत लसीला परवानगी मिळाली. पण माणसाच्या रक्तापासून केलेली लस म्हणून लोक बिचकत, आणि तिला लागणारे रक्त तरी किती मिळणार? त्यावर तोड निघाली ती आपल्या स्वयंपाकघराला ओळखीच्या वस्तूतून. पाव फुगविण्यासाठी जे यीस्ट घालतात, त्या यीस्टच्या पेशीत विषाणूच्या एका अंशाची कृती जणू लिहून ठेवली, आणि यीस्ट वाढू लागले तसतसे ते लसीचे द्रव्य आपोआप बनवू लागले. १९८६ पासून ही लस बाजारात आली. तीत माणसाचे रक्त नाही आणि जिवंत विषाणूही नाही. म्हणून तिच्यामुळे कावीळ होणे शक्यच नाही.

लस तर झाली. ती कोणाला व केव्हा टोचावी, हा प्रश्न मात्र तैवान बेटाने सोडविला, आणि माझ्या मते साऱ्या कहाणीचे मर्म येथे आहे. तैवानात यकृताच्या कर्करोगाने फार माणसे मरत. पामर बीझली हे अमेरिकन डॉक्टर तेथे राहून काम करीत. लू-यू ह्वांग ह्या तैवानी डॉक्टरबाई, ज्या पुढे त्यांच्या पत्नी झाल्या, त्यांच्या सहकारी होत्या. त्यांनी २२,७०७ पुरुषांची वर्षानुवर्षे नोंद ठेवली. १९८१ साली निष्कर्ष निघाला की, ज्यांच्या रक्तात बी काविळीचा विषाणू कायम असतो, त्यांना यकृताचा कर्करोग होण्याची शक्यता इतरांहून दोनशे पटींहून अधिक असते. म्हणजे ज्याला आपण कावीळ म्हणून सोडून देतो, त्याचे शेवटचे टोक कर्करोग!

मग एवढ्या माणसांच्या रक्तात तो विषाणू शिरला केव्हा? ह्याचे उत्तर क्लॅड स्टीव्हन्स ह्या संशोधक बाईंनी बीझली यांच्याबरोबर शोधले. त्यांनी १५८ वाहक मातांच्या बाळांवर लक्ष ठेवले. त्यांतील सुमारे चाळीस टक्के बाळांच्या रक्तात पहिल्या सहा महिन्यांत विषाणू सापडला. १९७५ साली हे प्रसिद्ध झाले. बहुतेक वेळा बाळंतपणाच्या वेळी, आईच्या रक्ताचा स्पर्श होऊन, विषाणू बाळाकडे जातो. आई धडधाकट असते, बाळही गुटगुटीत असते. कोणाचे डोळे पिवळे होत नाहीत. मोठ्या माणसाला लागण झाली तर शंभरांतील पंचाण्णवांहून अधिक माणसे विषाणू अंगाबाहेर घालवितात. परंतु जन्मतः लागण झालेल्या शंभर बाळांपैकी सुमारे नव्वद बाळांत तो कायमचा राहतो. तान्ह्याच्या शरीराला आपले कोण नि परके कोण हे अजून कळत नसते. घरात आलेल्या पाहुण्याला ते घरचाच समजते. तीस-चाळीस वर्षे तो पाहुणा गुपचूप यकृत पोखरतो. मुलगी असेल तर ती मोठी होऊन आई होते आणि तिच्याकडून तिच्या बाळाकडे. आपल्याकडे म्हणतात, सटवाई पाचव्या-सहाव्या रात्री येऊन बाळाच्या कपाळी लिहून जाते. हा विषाणू तितकीही वाट पाहत नाही. तो पहिल्याच दिवशी लिहितो. म्हणून आपण त्याच्या आधी लिहावयास हवे.

बीझली यांनी तेच केले. वाहक मातांच्या बाळांना जन्मताच तयार प्रतिकारद्रव्याचे एक इंजेक्शन आणि त्याच्या जोडीला लस दिली. १९८३ साली त्यांनी जाहीर केले की, अशा शंभरांतील नव्वदांहून अधिक बाळांचे रक्षण होते. १९८४ च्या जुलैत तैवान सरकारने वाहक मातांच्या बाळांना लस देण्यास सुरुवात केली आणि १९८६ पासून ती सर्वच बाळांना दिली. चांग मेई-ह्वेई ह्या तेथील बालरोगतज्ज्ञ बाईंनी ह्या मुलांचा हिशेब ठेवला. १९९७ साली त्यांनी दाखवून दिले की, सहा ते चौदा वर्षांच्या मुलांत यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण दर लाखाला ०.७० वरून ०.३६ वर, म्हणजे जवळजवळ निम्म्यावर आले. लस टोचून कर्करोग टळतो, हे जगाने प्रथमच पाहिले.

आपल्या देशात ही लस आधी परदेशातून येई. एका डोसाला सातशे रुपयांच्या वर पडत. आणि डोस तर तीन. गरिबाच्या घरी ती कोण घेणार? हैदराबादचे वरप्रसाद रेड्डी यांना हे सहन झाले नाही. ते इलेक्ट्रॉनिक्सचे इंजिनियर, औषधाशी त्यांचा संबंध नव्हता. त्यांनी शास्त्रज्ञ जमवून शांता बायोटेक्निक्स नावाची कंपनी काढली. शांता हे त्यांच्या आईचे नाव. १९९७ साली त्यांची लस बाजारात आली, तीही पन्नास रुपयांच्या आसपास. आईपासून बाळाकडे जाणाऱ्या रोगावरील स्वस्त लस एका आईच्या नावाने यावी, ह्याचे मला फार कौतुक वाटते. पुढे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनेही ही लस बनविली. भारत सरकारने २००२ पासून काही भागांत व २०११ पासून सर्व देशात ती बाळांसाठी मोफत केली. जन्मानंतर चोवीस तासांच्या आत पहिली टोचणी. पुढे सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यांत पाच रोगांवरील एकत्र लशीतून बाकीचे डोस.

इतके असूनही जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२२ साली जगात २५ कोटींहून अधिक माणसांच्या रक्तात हा विषाणू होता. त्यांतील जवळजवळ तीन कोटी आपल्या देशातील. आणि त्या वर्षी जगातील निम्म्याहून कमी बाळांना जन्माची ही पहिली टोचणी वेळेवर मिळाली. कारणे आपल्याला परकी नाहीत. बाळंतपण घरी झाले, रात्री झाले, दुसऱ्या दिवशी सुट्टी होती; नाही तर घरातली वडील बाई म्हणाली, एवढ्याशा जिवाला सुई नको, पाचवी पुजून होऊ दे. हेतू मायेचा असतो, पण तो एक दिवस परत येत नाही. उशीर झाला तरी लस अवश्य द्यावी. मात्र पहिल्या दिवसाचा गुण पुढच्या दिवसाला नाही.

आता जे सांगते ते आमच्या नात्यातले आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या एका सुनेच्या रक्तात पाचव्या महिन्यात हा विषाणू निघाला. मुलगी निरोगी, कामसू. पण बातमी फुटली मात्र, तिचे ताट-वाटी वेगळी झाली, तिच्या हातचे पाणी नको झाले, आणि 'माहेराहून रोग घेऊन आली' हे शब्द तिच्या कानावर पडले. ती भाकरी थापताना मान वर करीत नसे. अखेर तिच्या सासऱ्यांनी डॉक्टरांना घरच्यांसमोर विचारले. डॉक्टर म्हणाले, "हा विषाणू तिला बहुधा तिच्या आईकडून जन्मताच मिळाला. तिच्या आईला कोणाकडून, हे देवालाच ठाऊक. ह्यात तिचा दोष कोणता? तुम्ही सगळे आपापले रक्त तपासून लस टोचून घ्या, बाळाला पहिल्या दिवशी दोन्ही इंजेक्शने द्या, आणि तिला तिचे ताट परत द्या." तसेच केले. घरच्यांची तपासणी झाली तेव्हा थोरल्या दिरांच्याही रक्तात तो निघाला, आणि मग मात्र वेगळ्या ताटाची भाषा कोणी काढली नाही! ती मुलगी आज शाळेत जाते, तिच्या रक्तात काही नाही, आणि तिच्या आईने तिला अंगावर पाजूनच वाढविले. बाळाला इंजेक्शने वेळेवर दिली असतील तर अंगावर पाजण्यास हरकत नसते, हे मुद्दाम लिहून ठेवते.

एका ताटात जेवल्याने, कपडे एकत्र धुतल्याने, मूल कडेवर घेतल्याने, खोकल्याने वा शिंकेने हा विषाणू जात नाही. तो रक्ताने आणि शरीरसंबंधाने जातो. पण त्याचा चिवटपणा असा की, वाळलेल्या रक्तातही तो सात दिवस टिकू शकतो. म्हणून सुईला जपावे. माझ्या लहानपणी गावातील डॉक्टर काचेच्या पिचकारीने इंजेक्शन देत, आणि दोन-तीन सुया एकाच डब्यात उकळत ठेवलेल्या असत. गर्दी वाढली की उकळणेही घाईचे होई. आता प्रत्येकाला नवी सुई मिळते, पण ती आपल्यासमोर फोडली की नाही हे पाहण्याचे काम आपले. २००९ साली गुजरातेत मोडासा येथे वापरलेल्या सुया पुन्हा वापरल्याने ह्याच काविळीची साथ येऊन कित्येक माणसे दगावली. बाळाचे कान टोचताना, जत्रेत गोंदवून घेताना, घरातल्या पुरुषांची दाढी न्हाव्याकडे होताना, सुई वा पाते नवे आहे ना, हे विचारण्यात संकोच कसला?

औषधाविषयी दोन शब्द. आपल्या आज्या देत त्या भुईआवळ्याची गोष्ट खुद्द ब्लूमबर्ग यांच्यापर्यंत गेली होती. १९८८ साली मद्रासच्या शास्त्रज्ञांनी त्यांच्या सहभागाने वाहक रुग्णांना ही वनस्पती देऊन पाहिली, आणि निम्म्याहून अधिक रुग्णांच्या रक्तातील अँटिजेन गेल्याचे दिसले. मोठी आशा उत्पन्न झाली. परंतु इतर ठिकाणी पुन्हा करून पाहता तसा गुण आला नाही. ह्यात आजीचा अपमान नाही. तिची वनस्पती मोठ्या शास्त्रज्ञांनी मनावर घेतली आणि कसाला लावली, हा मानच होय. पण कसाला जे उतरले नाही, त्यावर बाळाचे आयुष्य टाकू नये. आज विषाणू ताब्यात ठेवणाऱ्या गोळ्या आहेत. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी व औषधे सरकारी रुग्णालयांतून मोफत मिळतात. रक्तात विषाणू फार असेल तर गरोदरपणीही गोळी देतात, म्हणजे बाळाचा धोका आणखी घटतो.

ब्रेमेनच्या कामगारांपासून तैवानच्या बाळांपर्यंत शंभर वर्षे गेली. त्यांत कित्येकांचे कष्ट, कित्येकांचे रक्त आणि काही मुलांवर झालेला अन्यायही आला. इतक्या सायासाने जे मिळाले, ते आपल्या गल्लीपर्यंत मोफत येऊन पोहोचले आहे. आता राहिले आहे ते फक्त वेळेवर हात पुढे करणे.

मंडळाला माझी एक सूचना आहे. आपल्याकडे डोहाळजेवणे होतात, ओटी भरली जाते. त्या वेळी जमलेल्या बायकांनी त्या मुलीला एवढे विचारावे की, रक्त तपासले का, आणि बाळंतपण जेथे होणार तेथे पहिल्या दिवसाची लस आहे ना. आपल्या आशाताईंना ह्या कामात मंडळाच्या दोघी-तिघींनी साथ द्यावी. आणि जिच्या रक्तात काही निघेल, तिच्या घरी त्याच आठवड्यात हळदीकुंकवाला जावे, तिच्या हातचा चहा घ्यावा. लस बाळाला जपेल; त्या आईला जपणे आपल्या हाती आहे.

मंडळाची पुढची पंचवीस वर्षे अशीच कामाची जावोत, ही प्रार्थना.